शुभाचं एक, अशुभाचं एक

आजही ऑफिसात कुणी लेझर प्रिंटरचं झाकण उघडून पुन्हा बंद केलं, की त्या 'खट्' आवाजासरशी माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, कोण गेलं? माझ्या हाताखालच्या मुलांना वाटतं, मॅडमना आवाजाचा त्रास होतो. मी त्यांचा समज दूर करत नाही. खरं सांगायचं तर कोथरूडमधल्या आमच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटपासून, माझ्या ताईच्या बाळंतपणापासून सुरुवात करावी लागेल, आणि हल्लीच्या मुलांना इतकं मागे यायला सवड नसते.

बाबा मुंबई रस्त्यावरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. तयार झालेला माल बरोबर आहे की नाही ते बघायचं आणि नसेल तर परत पाठवायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. घरातसुद्धा पोळी ताटात पडली की ती उलटून बघायचे. पुढे देशाचे दरवाजे उघडले, बाहेरचा माल आला आणि कारखान्याने जुन्या माणसांना स्वेच्छानिवृत्ती घ्यायला लावली. "स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी," असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. मिळालेल्या पैशातून त्यांनी एक कॉम्प्युटर आणि एक लेझर प्रिंटर घेतला, बाहेरच्या खोलीत टेबल मांडलं आणि दारावर पाटी लावली. मी तेव्हा कॉम्प्युटरचा कोर्स करत होते. माझा मराठी टायपिंगचा हात चांगला, म्हणून टायपिंग माझ्याकडे आणि छपाई बाबांकडे, अशी वाटणी आपोआप झाली.

प्रबंध, सोसायटीच्या नोटिसा, मुंजीची आमंत्रणं असं सगळं यायचं. पण आमचा संसार खरा चालायचा तो मरणावर. लग्न ठरल्यापासून होईपर्यंत महिने हातात असतात, लोक सावकाश प्रेसमध्ये जाऊन रंगीत पत्रिका पसंत करतात. माणूस गेलं की मात्र दहाव्या-तेराव्याची पत्रं संध्याकाळपर्यंत हवी असतात. मग कुणीतरी जवळच्याने सांगायचं, त्या अमुक गल्लीत एक गृहस्थ घरीच छापून देतात. सुतकातली माणसं आमच्या दारात उभी राहायची, खोलीच्या आत यायची नाहीत, आणि बाबा त्यांना बाहेरच खुर्ची द्यायचे. काळी जाड चौकट, आत मजकूर, वर श्री नाही. ती चौकट मी एकदाच काढून ठेवली होती, फक्त नावं बदलायची.

ताई माझ्याहून बरीच मोठी. तिचं सासर येरवड्याच्या बाजूला. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, कंपनीने त्याला अमेरिकेला पाठवलेलं. तिची आधीची दोन गरोदरपणं तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच निसटली होती. या खेपेला दिवस राहिले तेव्हा डॉक्टरबाईंनी सांगितलं, पडून राहायचं, जिने चढायचे नाहीत, डोक्याला त्रास करून घ्यायचा नाही. म्हणून ती लवकरच आमच्याकडे आली. तिचा पलंग मधल्या खोलीत, म्हणजे प्रिंटरच्या भिंतीला लागून. दुसरी जागाच नव्हती.

आई मूळची वऱ्हाडातली. पुण्यात इतकी वर्षं काढून तिची भाषा अगदी इथली झाली होती, पण चिडली किंवा घाबरली की माहेरची बोली वर यायची. ताई आली त्याच दिवशी ती बाहेरच्या खोलीत येऊन उभी राहिली.

"घरात पोटुशी पोरगी हाये न जी. लेकरू येऊ द्या, मंग काय छापायचं ते छापा."

"अगं, मेलेली माणसं कागदावर असतात. तिच्या पोटात नसतात," बाबा म्हणाले.

"मले नाही माहीत. त्याच यंत्रातून लोकायचं मरण काढायचं आणि त्याच्यातूनच उद्या आपलं बारसं काढायचं?"

बाबांनी तिला यंत्राची रचना समजावून सांगितली. काळी पावडर, म्हणजे टोनर, एका कार्ट्रिजमध्ये असते. अक्षर उमटवणारा ड्रमही त्यातच असतो. यंत्राचा बाकी काही संबंध नाही, यंत्र म्हणजे नुसता डबा. हे सगळं त्यांनी तिला गप्प करण्यासाठी सांगितलं, आणि आईने त्यातूनच आपला मार्ग काढला. मग दोन कार्ट्रिज ठेवा, ती म्हणाली. शुभाचं एक, अशुभाचं एक. बाबा तिच्याकडे बघतच राहिले. धंदा बंद ठेवणं परवडणारं नव्हतं आणि आईशी भांडणं त्याहून परवडणारं नव्हतं. यमदूत काय टोनर विचारून येतो, असं काहीतरी पुटपुटत त्यांनी स्कूटरची किल्ली उचलली आणि मला मागे बसवलं.

आमची स्वारी बुधवार पेठेत गेली. यंत्राबरोबर आलेलं ओरिजिनल कार्ट्रिज शुभाचं, हे घरूनच ठरलं होतं. अशुभासाठी बाबांना कम्पॅटिबल हवं होतं, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी बनवलेलं, पण आमच्या यंत्रात बसणारं आणि स्वस्त. दुकानदार वर्तमानपत्र वाचत होता.

"घरी वापरायला की ऑफिसला?" त्याने मान वर न करता विचारलं.

"मेलेल्यांसाठी," बाबा म्हणाले.

"मग कुठलंही न्या. तक्रार येणार नाही."

दोघंही हसले नाहीत. मी मात्र ओठ चावून रस्त्याकडे बघत राहिले.

बाबा कुठलंही नेणाऱ्यातले नव्हते. त्यांनी एकेक खोका उघडायला लावला. आधी नंबर जुळवला. मग कार्ट्रिज आडवं धरून हलकेच हलवलं आणि खाली पांढरा कागद धरून पावडर गळते का पाहिलं. छोटी झडप सरकवून ड्रमवर ओरखडा आहे का बघितला, आणि जुनाच ड्रम पुसून नव्या खोक्यात भरलेला असेल तर तो कडेला कसा घासलेला दिसतो हे मलाही दाखवलं. दुकानातल्या प्रिंटरवर पान छापून घेतलं, कागदाची घडी घातली आणि घडीवरून नख ओढलं. अक्षराचा टवका निघाला तर नापास. काळ्यात तांबूस झाक दिसली तर नापास. दुकानदाराने शेवटी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. "आजोबा, मेलेल्या माणसाने एवढी चौकशी केली नसती," तो म्हणाला. बाबा म्हणाले, "म्हणूनच तर मी आलोय." शेवटी एक कार्ट्रिज सगळ्या परीक्षांना उतरलं आणि आम्ही ते घेऊन आलो.

घरी आल्यावर आई ओरिजिनलवर कुंकवाचं बोट टेकवायला निघाली. बाबांनी तिचा हात वरच्यावर धरला. पूड आत गेली तर सगळ्या पत्रिका गुलाबी येतील, असं म्हणून त्यांनी ताईच्या नेलपॉलिशची बाटली मागितली आणि प्लॅस्टिकवर एक लाल टिकली काढून दिली. आईचं समाधान झालं. जे कार्ट्रिज बाहेर असेल ते उजेडाने खराब होऊ नये म्हणून बाबा ते जुन्या छत्रीच्या काळ्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवत. प्रबंध शुभात धरायचा की अशुभात, यावर एकदा बराच वाद झाला. लिहिणाऱ्याचा चेहरा बघून ठरवा, असा निकाल ताईने पलंगावरूनच दिला.

काही दिवस हे सगळं गमतीचं वाटलं. मग एका दुपारी मी ताईला औषध द्यायला गेले, तर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"कोण जाणार?"

"झाकण वाजलं. बाबांनी कार्ट्रिज बदललं."

मी उगाच काहीतरी सांगितलं. प्रबंधाचं काम आहे, पानं अडकलीत. ताईने मान हलवली. माझ्यावर तिचा विश्वास नव्हता, हे तिने दाखवलं नाही. आधी एकच कार्ट्रिज होतं तेव्हा प्रिंटर दिवसभर घरघरायचा आणि त्यातून काय निघतंय ते तिला कळत नसे. आता आईने तिला जपायचं म्हणून जो नियम केला, त्यानेच तिला प्रत्येक मरणाची वर्दी मिळायला लागली. झाकण उघडायचं, कापडाची सळसळ व्हायची, मग खट्. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते असं. त्यानंतर मी मुद्दाम लक्ष ठेवलं. खट् झालं की ताई हातातलं विणकाम खाली ठेवायची आणि दोन्ही तळवे पोटावर ठेवून बाळ हलेपर्यंत तशीच पडून राहायची. बाळ हललं की पुन्हा सुया उचलायची. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं आणि तिला सांगायचं माझ्या जिवावर येत होतं, कारण तो नियम करून ती पहिल्यांदाच शांत झोपायला लागली होती.

सातवा महिना लागला. डॉक्टरबाई म्हणाल्या, सगळं छान आहे. आईने इतके दिवस डोहाळेजेवणाचा विषय काढू दिला नव्हता, नजर लागेल म्हणून. आता तिचाच धीर वाढला. चाफ्याच्या वेण्या कुठे मिळतील, ताईला हिरवी साडी कुठली घ्यायची, असं तिचं सुरू झालं. आमंत्रण घरचंच छापायचं होतं. बाबांनी जाड, सायीच्या रंगाचा कागद आणला. मजकूर त्यांनी स्वतः लिहिला, मला एक शब्दही बदलू दिला नाही. वर श्री, खाली मधोमध ताईचं नाव, भोवती वेलबुट्टी. त्या सकाळी एका घरचं उत्तरकार्याचं मोठं काम होतं, ते आटपून त्यांनी कार्ट्रिज बदललं, लाल टिकलीचं ओरिजिनल घातलं, आणि आई हातात हळदीकुंकवाचा करंडा घेऊन यंत्राशेजारी उभी राहिली. पहिली प्रत देवापुढे ठेवायची होती.

पहिली प्रत बाहेर आली. आईने ती उचलली, कुंकू लावायला बोट पुढे नेलं आणि थांबली.

ताईच्या नावावरून एक राखाडी पट्टा आडवा गेला होता. अगदी फिका. कागद तिरपा धरला तर दिसेल न दिसेल असा. पण एकदा दिसल्यावर तो दिसायचा थांबेना. त्याची जाडी मला ओळखीची होती. मीच काढलेली ती चौकट, तिची खालची कड. कुणी नावावर रेघ मारावी तशी ती ताईच्या नावावर पडली होती.

बाबांनी दुसरी प्रत काढली. तिच्यावरही ती होती, आणखी फिकी. तिसरीवर फक्त मला आणि त्यांना दिसली असेल. पुढच्या प्रती स्वच्छ होत्या. "हे बघ, गेली," बाबा म्हणाले. "सावली आहे नुसती. पावडरीची."  आईने कोरे आणि छापलेले, सगळे कागद गोळा केले, मोरीत नेले आणि बादलीत बुडवले. मला वाटलं शाई विरघळून जाईल. पण टोनर म्हणजे वितळवलेलं प्लॅस्टिकच, ते पाण्याला दाद देत नाही. कागदाचा लगदा झाला आणि त्यात ताईचं नाव तुकड्या-तुकड्यांनी शाबूत राहिलं. आई ते हाताने कुस्करत बसली होती. मी दार लोटून घेतलं.

सावलीचं कारण बाबांनी तासाभरात शोधलं. त्या कम्पॅटिबलची पावडर जरा जास्त तापल्याशिवाय नीट वितळत नव्हती. एकदोन पानं छापली तर काही कळायचं नाही, नखाची परीक्षाही पास व्हायची. पण मोठं काम काढलं की ती थोडी थोडी तापणाऱ्या रोलरला चिकटायची आणि पुढच्या कागदावर उतरायची. तो रोलर यंत्रात असतो, कार्ट्रिजमध्ये नाही. म्हणजे कार्ट्रिज कितीही बदला, शेवटी शुभ आणि अशुभ एकाच आचेवरून जात होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा आमच्या नियमाचा प्रकार झाला होता. बाबा हे मला सांगत होते तेव्हा त्यांचा आवाज खाली होता. यंत्र म्हणजे नुसता डबा, असं त्यांनीच आईला सांगितलेलं, ते त्यांना आठवत असणार.

डोहाळेजेवण झालं, फोनवर बोलावलेल्या चार बायकांत. ताईला सावलीचं कुणी सांगितलं नाही. त्या दिवसापासून बाबांनी मरणाची कामं घेणं बंद केलं. शेजारच्या बिल्डिंगमधले एक काका काळी टोपी हातात घेऊन दारात आले, तेव्हा बाबा म्हणाले, "सध्या बंद आहे."

"काय, मरण?" काका दुःखातही बोलले.

"आमच्याकडे बंद. बाहेर चालू असेल."

झाकणाचा आवाज थांबला. घर एकदम निवांत झालं. मला बरं वाटलं आणि मी गाफील राहिले. एका दुपारी ताईच्या केसांना तेल लावत होते, तेव्हा ती म्हणाली, "हल्ली कुणी मरत नाही का गं?"

"लोकांनी सोडून दिलं असेल," मी म्हटलं.

ती हसली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "आधी खट् वाजलं की वाटायचं, चला, दुसरीकडे गेलं. आता वाजत नाही, तर मी वाट बघत राहते." माझे हात तेलाने माखलेले होते, मी ते तसेच तिच्या खांद्यावर ठेवले. मला तेव्हा इतकी भीती वाटली की तिच्या तोंडाकडे बघवेना. तिच्या तोंडून निघालेलं ते वाक्य परत आत घालता आलं असतं तर मी घातलं असतं.

आठवा महिना सरत आला होता. एका सकाळी चहा पिताना ताई म्हणाली, "आज हललं नाही." आई म्हणाली, झोपलं असेल, गोड काहीतरी खा. ताईने गूळ खाल्ला, डाव्या कुशीवर झोपली, पुन्हा उठली. मग आम्ही रिक्षा केली. हॉस्पिटलमध्ये एका नर्सने बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र पोटावर फिरवलं, जागा बदलून बदलून फिरवलं, आणि ती बाई आमच्याशी न बोलता डॉक्टरांना बोलवायला गेली. आम्हाला तेव्हाच कळलं. तरी ताईला सगळ्या कळा सोसाव्या लागल्या.

मुलगी होती. नाळेला पीळ बसला होता, डॉक्टरबाई म्हणाल्या, कुणाच्या हातात काही नव्हतं. तिथे जमलेल्या मोठ्या बायकांनी सांगितलं, बाळाच्या आईला दाखवू नका, हातात देऊ नका, दाखवलं तर ती विसरणार नाही. त्या वेळी तशीच रीत होती आणि आम्हीही ती मानली. बाबा आणि शेजारचे ते काका तिला घेऊन गेले. इतक्या लहान जिवाला अग्नी देत नाहीत, पुरतात. दहावं नाही, तेरावं नाही, श्राद्ध नाही. बाबा परत आले, अंघोळ केली आणि ओल्या केसांनीच बाहेरच्या खोलीत जाऊन बसले.

ताई घरी आली, नवरा अजून अमेरिकेतच, तिच्या डोक्याला फडकं बांधलेलं. दुसऱ्या दिवशी तिला दूध आलं. आईने तिची छाती आवळून बांधली आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला डोकं टेकून उभी राहिली. ती बाबांना एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. बाहेरच्या खोलीतून जाताना ती प्रिंटरच्या बाजूचा डोळा मिटून घ्यायची, हे मी पाहिलंय. मला आईचा राग यायचा, बाबांचा राग यायचा, आणि त्या यंत्राचा तर इतका यायचा की ते उचलून रस्त्यावर टाकावंसं वाटे. माझा स्वतःचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. पण ती राखाडी रेघ मला डोळे मिटले की दिसायची, आणि विश्वास नसल्याने ती पुसली जात नव्हती.

बाबांनी मग एक विचित्र गोष्ट सुरू केली. ते बुधवार पेठेत जाऊन मिळतील तितक्या कंपन्यांची कम्पॅटिबल कार्ट्रिज घेऊन आले. टेबलावर ती ओळीने मांडली. एकेक घालायचं, रिकामी काळी चौकट छापत सुटायचं, मग कोरा कागद सोडायचा आणि खिडकीशी जाऊन तो उजेडात तिरपा धरायचा. सावली दिसली की कार्ट्रिज नापास. रोलर पुसायचा, दुसरं घालायचं. खट्. पुन्हा चौकटी. खट्. आत कुणाचं नाव नसलेल्या त्या काळ्या चौकटींचे गठ्ठे खोलीभर साठले. जेवायला हाक मारली तर म्हणत, आलोच, एवढं एक बघतो. कारखान्यात चुकीचा माल बाहेर गेला तर तो कुठल्या टेबलावरून गेला ते शोधून काढेपर्यंत ते घरी येत नसत, असं आई पूर्वी सांगायची. तसंच आता चाललं होतं, फक्त घरात.

मी एकदा त्यांच्यावर ओरडले. ताई पलीकडे झोपलीय, तिला तो आवाज ऐकू जातो, तुम्हाला काही वाटतं का, असं बोलले.  आतून ताईचा आवाज आला, "करू दे गं त्यांना."

शेवटी एक कार्ट्रिज सापडलं. कितीही चौकटी छापल्या तरी त्याची सावली पडेना. बाबांनी तो कोरा कागद घेतला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन आईपुढे धरला.

"हे बघ. काही नाही. त्या पावडरीचीच चूक होती. मी तेव्हा हे निवडलं असतं तर..."

आई भाजी चिरत होती. तिने कागदाकडे पाहिलं, आणि कितीतरी दिवसांनी ती त्यांच्याशी बोलली. "मंग आता काय करू जी?" ती म्हणाली.

बाबांनी कागद खाली घेतला. तेवढ्यात मधल्या खोलीचं दार उघडलं आणि ताई बाहेर आली. हॉस्पिटलमधून आल्यापासून ती पहिल्यांदाच बाहेरच्या खोलीत येत होती. भिंतीला धरत धरत ती टेबलापाशी गेली, चौकटींचा एक गठ्ठा खुर्चीवरून उचलून खाली ठेवला आणि बसली.

"बाबा, तुम्ही सगळ्यांचं छापता," ती म्हणाली. "मुंजीचं, वास्तुशांतीचं, तेराव्याचं. माझ्या मुलीचा एक कागद तरी छापा."

 अशा मुलाचं काही छापत नाहीत, हे तिलाही माहीत होतं.

"तिला नाव नाही, अगं," बाबा कसंबसं म्हणाले. "काय लिहू?"

"आली होती, एवढं लिहा."

बाबा कॉम्प्युटरपुढे बसले. त्यांना टायपिंग येत नसे, एकेक अक्षर शोधून दाबत. मी पुढे झाले तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. बराच वेळ लागला. पडद्यावर एकच ओळ होती: आमच्याकडे मुलगी आली होती. त्यांनी ती चौकटीत घातली नव्हती. मग ते प्रिंटरकडे वळले, झाकण उघडलं आणि तसेच थांबले. पुढ्यात सावली न पडणारं नवं कार्ट्रिज होतं. कपाटात काळ्या कापडात लाल टिकलीचं होतं. यमदूत टोनर विचारून येतो काय म्हणणारे, तपासणी खात्यात जन्म काढलेले माझे बाबा आईकडे वळून म्हणाले, "कुठलं लावू?"

आईने विळी आडवी केली. हात पदराला पुसले. ती बाहेरच्या खोलीत आली, प्रिंटरकडे सरळ बघत आली, आणि कपाटातून काळं कापड काढून तिने स्वतः उलगडलं.

"हेच लावा," ती म्हणाली. "आधी ती आली न जी. मंग गेली. आणि वर श्री घाला."

बाबांनी वर श्री घातलं. झाकण बंद झालं, खट्, आणि आमच्यापैकी कुणीही दचकलं नाही. यंत्र तापायला नेहमीचा वेळ लागला. कागद हळूहळू बाहेर सरकला. बाबांनी सवयीने तो तपासायला उचलला, पण तिरपा न धरता तसाच ताईच्या हातात दिला.

ताईने तो वाचला नाही. तिने तो दोन्ही तळव्यांवर आडवा घेतला आणि तिचा चेहरा एकदम बदलला.

"गरम आहे," ती म्हणाली.

लेझरचा कागद नुकता आलेला असला की गरमच असतो, हे आम्हा सगळ्यांना रोजचं होतं. कुणी तिला ते सांगितलं नाही. आई तिच्या शेजारी जमिनीवर बसली. ताईने कागद छातीशी धरला, आणि तो निवेपर्यंत ती तिथून उठली नाही.